काम कुणाचे आणि ते मोजतो कोण? माणसाच्या आयुष्यातला कामाचा अर्थ

वर्धा, यवतमाळ किंवा अकोला जिल्ह्यातल्या गावांत पदवी घेऊन परतलेल्या तरुणाला एखाद्या वडीलधाऱ्याने ‘काय करतो रे बापू सध्या?’ असे विचारले, तर फार वेळा उत्तर येते, ‘काही नाही काकाजी, घरीच आहो.’ असे सांगणारा मुलगा आदल्या रात्री थ्री-फेज वीज आली म्हणून दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेलेला असतो, उजाडल्यावर त्याने गोठा साफ केलेला असतो आणि दुपारपर्यंत तुरीवर फवारणीही उरकलेली असते. त्याच्या आईला विचारले तर तीही ‘मी काय, घरीच असते’ म्हणते. पण सकाळच्या सडासारवणापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत, आणि मधल्या वेळात दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाऊन येईपर्यंत, तिला टेकायला उसंत नसते. दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. आपण ज्याला काम म्हणतो त्याची व्याख्याच इतकी आखडली आहे की या दोघांचे राबणे तिच्यात मावत नाही. म्हणून काम म्हणजे काय, ते माणसाला पोटापलीकडे काय देते, आणि तेच काम एका माणसाला उभे करते तर दुसऱ्याला का खचवते, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

काम कशाला म्हणावे हा प्रश्न जगभरच्या श्रम-आकडेवारीच्या जाणकारांनी २०१३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हाताळला. त्यांच्या ठरावानुसार स्वतःच्या किंवा इतरांच्या उपयोगासाठी वस्तू तयार करणारी किंवा सेवा देणारी प्रत्येक कृती हे काम होय, मग तिचे पैसे मिळोत वा न मिळोत. मजुरीसाठी, पगारासाठी किंवा नफ्यासाठी केलेला रोजगार हा त्या मोठ्या कामाचा एक भाग आहे. या व्याख्येप्रमाणे घरच्या वावराला पाणी देणारा मुलगा काम करतो आणि घरच्यांसाठी भाकरी थापणारी आईही काम करते. एखादी कृती काम आहे की नाही अशी शंका आल्यास लावायची सोपी कसोटी अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ सालीच सांगून ठेवली होती: ती कृती पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत असेल, तर ते काम समजावे. स्वयंपाक, धुणे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि लेकरांचा सांभाळ दुसऱ्यावर सोपवता येतो. आपली झोप किंवा आपले जेवण मात्र दुसरा कुणी आपल्यासाठी उरकू शकत नाही.

व्याख्या रुंद केली की चित्र किती बदलते, हे केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले. देशातील सहा वर्षांवरील सुमारे ८१ टक्के मुली व स्त्रिया रोज घरचे बिनमोबदला काम करतात आणि ते करणाऱ्या प्रत्येकीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात जातात. असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटांचा होता. कापूस वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातली मजूर बाई हे तास पहाट आणि रात्र यांच्यात वाटून घेते, कारण मधला सगळा दिवस वावरात जातो. वेचलेल्या कापसाचा हिशेब सायंकाळी काट्यावर किलोने होतो, घरच्या तासांचा हिशेब कुठेही होत नाही, आणि जे कधीच मोजले जात नाही ते करणाऱ्यालाही हळूहळू बिनमोलाचे वाटू लागते. ‘घरीच असते’ हे उत्तर तिथून येते.

सगळी कामे एका जातीची नसतात, हेही लक्षात घ्यावे लागते. जर्मनीतून अमेरिकेत आश्रय घेतलेल्या विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५८ साली माणसाच्या कर्तृत्वाचे तीन प्रकार मांडले. पहिला श्रम, जो जगणे चालू ठेवण्यासाठी रोज करावा लागतो आणि ज्याचे फळ हाती येताच संपून जाते: स्वयंपाक खाल्ला जातो, झाडलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावे लागते, काढलेले तण पुढच्या पावसाने परत उगवते. दुसरा प्रकार निर्मितीचा, ज्यातून टिकणारी वस्तू उभी राहते: विहीर, धुरा म्हणजे वावराचा बांध, सुताराने घडवलेला डवरा, बांधलेले घर. तिसरा प्रकार म्हणजे इतरांसमोर आणि इतरांसोबत केलेली सार्वजनिक कृती, जशी ग्रामसभेत उठून बोलणे किंवा गावाने मिळून एखादा निर्णय घेणे. ही विभागणी खेड्याला लावून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याने विहीर खोदून घेतली त्याचे नाव त्या विहिरीला चिकटते, ग्रामसभेत बोलणाऱ्याला मान मिळतो, पण ज्या पहिल्या प्रकारच्या श्रमावर हे दोन्ही उभे असतात तो मागे काहीच खूण ठेवत नसल्यामुळे करणाराही कुणाच्या नजरेत भरत नाही. गावात हा पहिला प्रकार मुख्यतः बाया आणि भूमिहीन मजूर यांच्या वाट्याला आला आहे, आणि तसे का झाले याची चर्चा पुढे जातीच्या संदर्भात करावीच लागेल.

काम पोटापलीकडे काय देते, याचे उत्तर काम गेल्यावर सर्वांत स्वच्छ मिळते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्ताल नावाची एक वस्ती होती. तिथल्या बहुतेक घरांची चूल एकाच कापड गिरणीवर पेटत असे. जागतिक मंदीत ही गिरणी बंद पडली आणि १९३० पर्यंत बहुतेक कुटुंबांत कुणालाच नियमित काम उरले नाही. मारी याहोडा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथल्या माणसांच्या दिवसाची बारकाईने नोंद केली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध केली. त्या काळातल्या अनेकांची समजूत अशी होती की उपाशी बेकार माणूस बंड करून उठेल, किंवा निदान मिळालेल्या मोकळ्या वेळात वाचेल, शिकेल, संघटना बांधेल. मारीएन्तालमध्ये याच्या उलट घडले. ग्रंथालयात पुस्तकांना पैसे पडत नव्हते, तरी दोन वर्षांत नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्याने घटली. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. ते पुन्हा पुन्हा थांबत, उभे राहत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना काल दुपारी आपण काय केले हेही सांगता येत नव्हते. बायांची चाल मात्र तशी मंदावली नाही. त्यांचीही गिरणीतली नोकरी गेली होती, पण घरचे काम गेले नव्हते, आणि त्या कामाने त्यांचा दिवस बांधून ठेवला होता.

याहोडा यांनी या निरीक्षणांवर पुढे अनेक वर्षे विचार केला. त्यांचे म्हणणे असे की मजुरी हा कामाचा उघड हेतू असतो, पण त्यासोबत काम माणसाला न मागता आणखी काही गोष्टी देते. ते दिवसाला घडी घालून देते. घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध ठेवते. आपल्या एकट्याच्या आवाक्यापलीकडच्या एखाद्या सामाईक खटाटोपात आपला वाटा आहे ही जाणीव देते. समाजात एक स्थान आणि ओळख देते. आणि मन लागो वा न लागो, शरीराला हालते ठेवते. नोकरी गेलेल्या माणसाला सरकारने पैसे दिले तर चूल पेटते, परंतु बाकीच्या गोष्टी पैशांनी परत येत नाहीत. निंदणाच्या दिवसांत पाच-सात बाया एका ओळीत बसून बोलत, हसत, एकमेकींच्या घरचे विचारत पुढे सरकतात, ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला याहोडा यांचा दुसरा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अनेक सासुरवाशिणींसाठी मनातले बोलण्याची गावातली ती एकमेव जागा असते.

आता त्या ‘घरीच आहो’ म्हणणाऱ्या तरुणाकडे परत जाऊ, कारण त्याची अडचण मारीएन्तालपेक्षा निराळी आहे आणि मला ती अधिक कठीण वाटते. त्याच्याकडे काम आहे. त्याचा दिवस भरलेला आहे, शरीर थकते आहे. त्या कामातून जे स्थान मिळायला हवे ते मात्र मिळत नाही. तालुक्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणारा त्याचा मित्र एक रुपयाही कमावत नसला तरी ‘तयारी करतो’ असे अभिमानाने सांगू शकतो, आणि दोन हंगाम घरची शेती सांभाळणारा मात्र काहीच करत नाही असे गाव आणि तो स्वतःही धरून चालतो. सोयरिकीच्या वेळी हे उघडे पडते. मुलीकडचे लोक एकर विचारतात आणि त्यासोबत नोकरीही विचारतात, शेती करणाऱ्या तिशीतल्या मुलांची लग्ने अडून राहतात, आणि मुलींना त्यासाठी दोष देता येत नाही, कारण शेतकऱ्याच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते हे त्यांनी आपल्या आईकडे पाहून ओळखलेले असते. ज्या कामावर जिल्ह्याचे पोट चालते त्या कामाला त्याच जिल्ह्यात ओळख म्हणून किंमत नसणे, ही माझ्या मते आज खेड्यातल्या तरुणांची सर्वांत खोल जखम आहे, आणि पिकाला भाव मिळाला तरी ती आपोआप भरून येणार नाही.

काम मिळणे हा हक्क आहे, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काची तरतूद करण्याची दिशा राज्याला दिलेली आहे, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली, आणि १९७७ साली विधिमंडळाने त्या हमीचा कायदा केला; मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारने स्वीकारण्याचे हे देशातले पहिले मोठे पाऊल होते. त्या कामांकडे पाहिले की कामाच्या अर्थाचा आणखी एक पैलू दिसतो. खडीचा ढीग रचणे आणि आपल्याच शिवारातल्या नाल्यावर बांध घालणे, या दोन्हींची मजुरी सारखी असू शकते. तरीही पुढच्या पावसाळ्यात त्या बांधामागे अडलेले पाणी ज्याला दिसते त्याच्यासाठी दुसरे काम निराळेच असते.

हा फरक प्रयोगानेही तपासला गेला आहे. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरियली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी खेळणी तयार करायला सांगितले, आणि प्रत्येक पुढच्या खेळण्याला थोडे कमी पैसे दिले. एका गटाची तयार खेळणी त्यांच्यासमोर टेबलावर मांडून ठेवली जात. दुसऱ्या गटातला माणूस नवे खेळणे जोडत असतानाच त्याचे आधीचे खेळणे त्याच्या डोळ्यांदेखत सुटे केले जाई. पैसे दोन्ही गटांना सारखे होते. पहिल्या गटातल्या लोकांनी सरासरी जवळपास ११ खेळणी जोडली, दुसऱ्या गटातल्यांनी सातच्या आसपास थांबून हात काढून घेतला. आपण केलेले काही क्षण तरी टिकते आहे, एवढ्या जाणिवेवर माणूस कमी पैशांतही पुढे जात राहिला, आणि ती जाणीव काढून घेतल्यावर त्याचे हात थांबले.

उद्योगधंद्यांच्या वाढीने नेमकी हीच जाणीव हिरावली, असे म्हणणारे विचारवंत दोन्ही टोकांचे आहेत. बाजारव्यवस्थेचे समर्थक मानले जाणारे अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले. एकटा माणूस दिवसाला वीस टाचण्याही धड करू शकणार नाही, पण काम तुकड्यांत वाटून घेतले तर दहा जण मिळून ४८,००० टाचण्या करतात, असे त्यांनी दाखवले. त्याच स्मिथ यांनी पुढे असेही बजावले की ज्याचे सारे आयुष्य दोन-चार साध्या हालचालींत जाते त्याची बुद्धी वापराअभावी मंद होत जाते. कार्ल मार्क्स यांनी १८४४ च्या टिपणांत हा धागा पुढे नेला. कामगाराने केलेली वस्तू त्याची राहत नाही, ती कशी करायची हे ठरवणे त्याच्या हाती नसते, शेजारच्या कामगाराशी त्याचे नाते स्पर्धेचे होते, आणि सृजन करणारा प्राणी म्हणून माणसाचा जो स्वभाव आहे त्यालाच तो पारखा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. यालाच परात्मता म्हणतात.

कपाशी पेरणारा शेतकरी या मांडणीत कुठे बसतो, हा प्रश्न विदर्भात बसून विचारण्यासारखा आहे. वरवर पाहता त्याचे काम कारखान्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. वखरणीपासून लागवड, डवरणी, फवारणी आणि वेचणीपर्यंत सारे चक्र त्याच्या डोळ्यांसमोर फिरते. कोणते वावर आधी वाफशावर येते आणि कोणत्या बाजूचे बोंड आधी फुटते हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. कामाच्या आत त्याचे स्वातंत्र्य आणि कौशल्य शाबूत आहे. कापसाची बंडी जिनिंगच्या दारात उभी राहिली की मात्र ते स्वातंत्र्य संपते. बियाणे आणि खताचा भाव कुणीतरी ठरवलेला असतो, कापसाचा भाव परदेशातल्या मागणीपासून सरकारच्या आयात धोरणापर्यंत पसरलेल्या कारणांनी ठरतो, आणि पाऊस तर कुणाच्याच हातात नसतो. उत्तम काम केले म्हणून उत्तम फळ मिळेल हा दुवा दोन्ही बाजूंनी तुटलेला असतो. वर्षाच्या करारावर राबणाऱ्या सालदाराची आणि गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, काम घेणाऱ्या मजुरांची स्थिती याहून कठीण असते, कारण त्यांना कामाच्या आतले निर्णयही घेता येत नाहीत. गुढीपाडव्याला साल ठरले की वर्षभराच्या दिवसांवर दुसऱ्याचा शब्द चालतो.

आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे केवळ मनाला लागते असे नाही, ते शरीरालाही लागते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा १९६७ पासून झालेला व्हाइटहॉल अभ्यास आणि १९८५ मध्ये सुरू झालेला त्याचा दुसरा टप्पा यासाठी प्रसिद्ध आहेत. संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराचे प्रमाण जास्त, आणि हा उतार पायरीपायरीने लागलेला होता. धूम्रपानासारखी कारणे हिशेबात घेतल्यावरही सगळा फरक उलगडत नव्हता. आपले काम कधी आणि कसे करायचे यावर कर्मचाऱ्याचा किती अधिकार आहे, हा त्यातला एक महत्त्वाचा घटक निघाला. हे सारे पगारी, कायम नोकरीतले लोक होते, हे लक्षात ठेवून मग ज्याच्या पिकावर कर्ज आहे आणि ज्याच्या भावावर त्याचा काहीही अधिकार नाही अशा माणसाच्या ताणाचा विचार करावा.

ताबा परत मिळाल्यावर तेच काम कसे बदलते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत अनेक वर्षे जोपासली. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने आपला बांबू स्वतः तोडून विकला. बांबू तोडण्याचे काम या भागातल्या लोकांना नवीन नव्हते. पूर्वीही तेच हात तीच कुऱ्हाड चालवत होते, पण किती तोडायचा, कोणता राखायचा, कुणाला विकायचा आणि आलेल्या पैशांचे काय करायचे हे बाहेरचे लोक ठरवत. आता ते गावाने बसून ठरवायचे होते. आरेंट यांच्या शब्दांत सांगायचे तर जो पूर्वी नुसता श्रम होता त्याला निर्मिती आणि सार्वजनिक कृती जोडली गेली. मजुरी वाढते की नाही, या प्रश्नाइतकाच हा बदल मोलाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

आता जातीचा मुद्दा. आपल्याकडे कामाच्या अर्थाची कोणतीही चर्चा तो टाळून पुरी होऊ शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण आयोजकांनी होऊ न दिलेल्या भाषणात स्पष्ट सांगितले की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. माणसाची आवड, कुवत किंवा शिक्षण न पाहता त्याचे काम जन्माने ठरत असेल, तर त्यात त्याचे मन आणि बुद्धी रमणार कशी, आणि मग काम तरी चांगले कसे होणार, असा त्यांचा प्रश्न होता. मेलेली जनावरे ओढण्यासारखी लादलेली कामे सोडून देण्याचा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या गावोगावच्या लोकांनी ती कामे निर्धाराने नाकारली, त्यासाठी गावाचा रोषही सोसला. काम माणसाला प्रतिष्ठा देते हे खरेच आहे, परंतु लादलेले काम नाकारण्यातूनही माणसाला प्रतिष्ठा मिळते, हे या भूमीने पाहिले आहे. ‘कोणतेही काम हलके नसते’ हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे लागते. ज्याला ते काम कधीच करावे लागणार नाही त्याने ज्याच्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले त्याला हे ऐकवणे अन्यायाचे आहे.

तेच वाक्य स्वतःच्या हाताने सिद्ध करून दाखवणारी माणसेही याच प्रदेशात झाली. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात झाडू घेत, दिवसभर गल्ल्या झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांशी बोलत. दुसऱ्याला स्वच्छतेचा उपदेश करण्याआधी कचरा त्यांनी स्वतः उचललेला असे, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहायला आले. आपल्या भाकरीपुरते अंगमेहनतीचे काम प्रत्येकाने, मग तो वकील असो की लेखक, रोज केलेच पाहिजे, असे ते मानत, आणि सूतकताई व संडास-सफाई हा आश्रमाच्या दिनक्रमाचा भाग होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली, जिच्यात मुलाने एखादा हस्तोद्योग करता करता त्यातूनच गणित, विज्ञान आणि समाज शिकावा अशी अपेक्षा होती. वडिलोपार्जित धंद्याबद्दल गांधींनी मांडलेली मते आंबेडकरांना मान्य नव्हती, आणि या वादात मला आंबेडकरांची बाजू अधिक पटते. तरीही हात आणि बुद्धी यांची फारकत मोडण्याचा नई तालीमचा आग्रह आजच्या शाळेला लागू आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत ‘अभ्यास कर, नाहीतर वावरात राबावे लागेल’ अशी धमकी मिळत असेल, तर पुढे त्याने ‘घरीच आहो’ म्हणण्याची सुरुवात तिथेच झालेली असते.

कर्माची फळाशी फारकत करण्याचा उपदेश आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. पवनारच्या आश्रमात धाम नदीच्या काठी राहून विनोबा भावे यांनी त्याचा जो अर्थ जगून दाखवला तो असा की फळाची आस मनातून सुटली की सारे चित्त हातातल्या कामात उतरते, आणि म्हणून ते काम अधिक चांगले होते. पेरणीच्या वेळी भावाची चिंता करणाऱ्या माणसाला या विचाराने आधार मिळतो, हे मी नाकारत नाही. मात्र ही शिकवण करणाऱ्याने स्वतःच्या मनाला द्यायची आहे. मजुराची मजुरी थकवणाऱ्याने, घरच्या बाईला तिच्या राबण्याचा वाटा न देणाऱ्याने किंवा शेतमालाला भाव नाकारणाऱ्या व्यवस्थेने ती दुसऱ्याला शिकवू नये. फळाचा त्याग करायचा तर आधी त्या फळावर आपला हक्क मान्य झालेला असावा लागतो.

यंत्रांचा प्रश्नही या दृष्टीने पाहिला तर सुटा होतो. सोयाबीनच्या सोंगणीला आणि भंडारा-गोंदियाकडच्या धानाला हार्वेस्टर येतो, निंदणाची जागा तणनाशक घेते, कपाशीची बोंडे वेगवेगळ्या वेळी फुटत असल्यामुळे वेचणी तेवढी अजून हातानेच होते. दळणाचे जाते गेले आणि चक्की आली, डोक्यावरचा हंडा उतरून नळ आला, याचे दुःख कुणालाही नाही आणि नसावे. ज्या कष्टात करणारीचा काही विकास नव्हता ते गेलेलेच बरे. निंदण जाते तेव्हा मात्र त्यासोबत बाईच्या हातची रोजी आणि तिची घराबाहेरची एकमेव बैठक, दोन्ही जातात, आणि त्या बदल्यात तिला काय मिळाले हे कुणी विचारत नाही. यंत्र आणायचे की नाही, हे ठरवताना शेतमालकाचा वाचलेला खर्च मोजला जातो. त्याच हिशेबात मजुराचे गेलेले दिवस आणि घरच्या बाईचे वाचलेले तासही मांडले पाहिजेत. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी ग्रामसभेत ठरतो. त्यात सभामंडप आणि सिमेंट रस्त्यांच्या आधी गावातल्या बायांचे पाच तास कुठे जातात याची नोंद झाली, तर नळाची दुरुस्ती, लहान मुलांसाठी पाळणाघर आणि उन्हाळ्यात गावातच मिळणारे काम या मागण्या यादीत आपोआप वर येतील, आणि त्या नोंदीसाठी घरोघर जाऊन विचारण्याचे काम त्याच पदवीधर मुलांना, मानधन देऊन, सोपवता येईल.